आप्पांच्या गळ्यातली फुलं

सत्काराचा हार गळ्यात पडला की माणसानं काय करायचं, याचे आपल्याकडे नियम ठरलेले आहेत. आधी संकोचल्यासारखं हसायचं, मग हात जोडायचे, फोटो निघेपर्यंत मान ताठ ठेवायची आणि फोटो झाला रे झाला की हार काढून समोरच्या टेबलावर ठेवायचा. तो तिथे पाण्याच्या बाटल्यांशेजारी पडून राहतो आणि कार्यक्रम संपला की मंडपवाला त्याला सतरंजीबरोबर गुंडाळून नेतो. ब्राह्मणपुरीचे ओंकारआप्पा यातलं शेवटचं कलम तेवढं पाळत नसत. ते हार काढत नसत. बसल्या जागी खाऊन टाकत.

मी नाशिककडचा. ब्राह्मणपुरीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला आलो, त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. आप्पा अध्यक्ष होते. कधीकाळी ते थोडे महिने गावचे सरपंच होते. पण सरपंचपद जातं, माजी सरपंचपद मरेपर्यंत कुणी काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे शाळेचं संमेलन असो, क्रिकेटचे सामने असोत की पिठाच्या गिरणीचं उद्घाटन, पहिला हार आप्पांना. मुख्याध्यापकांनी त्यांचा परिचय करून द्यायला सुरुवात केली आणि आप्पांनी हाराच्या उजव्या बाजूचं पहिलं फूल तोडून पाकळ्या तोंडात टाकल्या. मी त्यांच्या मागेच बसलो होतो. मला वाटलं, वय झालंय, चुकून झालं असेल. परिचय ‘निष्कलंक कारकीर्द’पर्यंत आला तेव्हा उजवी बाजू खांद्यापर्यंत मोकळी झाली होती. आश्चर्य म्हणजे समोर बसलेल्या गावात कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

माझे वटारलेले डोळे त्यांना पाठीमागूनच जाणवले असावेत. ते वळले.

“मास्तर, नवा शेतस का? घ्या,” म्हणत त्यांनी माझ्या तळहातावर चार पाकळ्या ठेवल्या. “झेंडू शे. पाकळी तुरट, मांगून संत्रानी साल. बुडखाले हात नका लावू, तो कडू जहर.”

मी पाकळ्या शर्टाच्या खिशात टाकल्या. पुढे बायकोनं तो शर्ट धुतला तेव्हा खिसा पिवळा झाला, तो आजतागायत पिवळा आहे.

ओळख वाढल्यावर मी एकदा धीर करून विचारलंच. आप्पा ओट्यावर बसले होते. उंच, काटक, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची सवय. त्यांना प्रश्न मुळात कळलाच नाही.

“नारय फोडतस, तो खातस ना? पेढा देतस, तो खातस ना? मंग फूलनी काय पाप करं?” ते म्हणाले. “मानोसनी मान दिन्हा, तो आपला आंगमा जावाले पाहिजे. टेबलवर ठेवा ते तो मंडपवालाना मान व्हयी ग्या.”

 

बरं, खाणं म्हणजे ओरबाडणं नव्हे. त्यांची जीभ मोठी चोखंदळ. गुलाबाची पाकळी खायची तर बुडाचा पांढरा भाग नखानं काढून. तो कडू असतो. मोगरा वासाला राजा, पण चवीला साबण. शेवंती जिभेला जरा मुंग्या आणते. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांतली ठिपक्यांची एक तेवढी आंबट, बाकीच्या नुसत्या शोभेच्या. कन्हेर आणि रुई यांना ते हातसुद्धा लावत नसत. एकदा तरुण मंडळानं हौसेनं कन्हेरीच्या पिवळ्या फुलांचा हार आणला, तर आप्पांनी गळा मागे घेतला. “भाऊ, हाऊ सत्कार शे का माले मारानी सुपारी?” म्हणाले. पोरांनी मोटारसायकल शहाद्याला पिटाळली आणि दुसरा हार येईपर्यंत भाषणं थांबली. तेव्हापासून शहाद्याच्या बसस्टँडसमोरचा हारवाला ब्राह्मणपुरीचं गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचा, “आप्पा आहेत का कार्यक्रमाला?” असले तर जरीचा धागा नाही, चमकी नाही, साधा सुती दोरा.

घरी मात्र या माणसाचं कौतुक कुणाला नव्हतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, फुलं रांधण्यात पटाईत होत्या. शेवग्याची फुलं बेसन पेरून, भोपळ्याच्या फुलांची भजी, हादग्याच्या फुलांतला मधला दांडा काढून केलेली भाजी. आप्पांची केळीची बाग होती, तिथली केळफुलं घड भरला की मोडून टाकतात. आप्पा ती पोत्यात घालून घरी आणत. केळफूल साफ करणं म्हणजे एकेका कळीतला ताठ दांडा ओढून काढायचा, आणि त्याच्या चिकानं हात काळे होतात. घरी आलेल्या पाहुण्याला आप्पा चहाच्या आधी केळफूल साफ करायला देत. कुणाची बोटं काळी दिसली की तो आप्पांकडे बसून आला आहे, हे गावाला विचारावं लागत नसे.

“घरमा इतलं करी देस,” काकू मला म्हणायच्या, “तरी हाऊ मानोस स्टेजवर जाईसन ढोरना मायक चरस. माले तोंड दखाडानी सोय नही.”

“ढोर चव सांगस का?” आप्पा आतून विचारत.

चव सांगण्याची त्यांची खोड माणसांपर्यंत जाई. गावचे डॉक्टर म्हणजे शेवगा, कडसर पण पोटाला बरे. मुख्याध्यापक मोगरा. मला त्यांनी भोपळ्याचं फूल ठरवलं होतं. “बेसन लावाशिवाय तुमनं काही खरं नही, मास्तर.” मी त्यावर बरेच दिवस रुसून होतो.

एका उन्हाळ्यात ते धडगावकडे, सातपुड्यात, ओळखीच्या पावरा कुटुंबातल्या लग्नाला गेले आणि येताना मोहाच्या सुकलेल्या फुलांचं पोतं घेऊन आले. चेहरा उजळलेला. “आठे सगया हासतस. तठे कोनीच हासनं नही, मास्तर! फूल उकाडं, भाकरसंगे दिन्हं, खादं. जशी डाय-भाजी.” दोन दिवसांत घरातून असा काही गोड, आंबूस दरवळ सुटला की गल्लीतली माणसं उगाच चकरा मारू लागली. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील आले. गावात बातमी पसरली होती की आप्पांनी म्हातारपणी भट्टी लावली. आप्पांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि तीळ घालून केलेला मोहाचा लाडू पुढे केला. पाटलांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा रुमालात बांधून घेतला आणि ‘तपास चालू आहे’ असं सांगून निघून गेले. तो तपास पोतं संपेपर्यंत चालू होता.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, कारण कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते कल्याणीच्या लग्नात.

कल्याणी आप्पांची एकुलती एक मुलगी. माझ्याच हाताखाली दहावी झालेली, पुढे शहाद्याला कॉलेजात गेलेली. तिथे तिची शहाद्याच्या रमणशेठच्या मुलाशी ओळख झाली. जात एक, पत्रिका जुळली, मुलगा सरळ. कल्याणीला तोच हवा होता, आणि तिला हवं ते आप्पांनी कधी नाकारलं नव्हतं. रमणशेठचं शहाद्यात खतं-औषधांचं मोठं दुकान. बोलायला नेमका माणूस. बैठकीला मीही होतो. शेठनी चहा घेतला, बशी खाली ठेवली.

“आप्पा, माले हुंडा नको, गाडी नको. फक्त एकच मांगनं शे. लग्नमा तुमी एकबी फूल तोंडमा घालानं नही.”

बैठकीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. काकूंचा चेहरा मात्र देव पावल्यासारखा झाला होता.

“सुरतथीन पावना येतीन,” शेठ जरा नरमून म्हणाले. “समजी ल्या.”

आप्पा दाराकडे बघत होते. दारात कल्याणी उभी होती. ती त्यांच्याकडेच बघत होती. आप्पा म्हणाले, “दिन्हा शब्द.”

शब्द तर दिला. पण आयुष्यभराची सवय, हात आपोआप छातीकडे जायचा. मग काकूंनी रंगीत तालीम काढली. रोज संध्याकाळी बागेतल्या झेंडूचा हार करून त्या आप्पांच्या गळ्यात घालायच्या आणि त्यांना टीव्हीसमोर बसवायच्या. देखरेखीला मी. पहिल्या दिवशी बातम्यांचे मथळे संपायच्या आत दोन फुलं गायब. मी ओरडलो तर आप्पाच दचकले. खाल्लं हे त्यांनाच माहीत नव्हतं. मग तोंडात लवंग धरून पाहिली, हातात जपमाळ देऊन पाहिली, ते जपमाळ चघळू लागले. पण हळूहळू जमत गेलं. एक दिवस संपूर्ण बातम्या, वर हवामान, वर बाजारभाव झाले, तरी हार अख्खाच्या अख्खा होता. कल्याणीनं टाळ्या वाजवल्या. आप्पांच्या कपाळावर घाम होता, पण असा अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर कुठल्याच सत्कारात पाहिला नव्हता.

“आते शेठ देखीनच,” ते म्हणाले. “चारशे मानोसमा हार घालीसन बठसू, आनि एक पाकळी कमी व्हवाव नही.”

लग्न शहाद्याच्या मंगल कार्यालयात होतं. आख्खी ब्राह्मणपुरी आली होती, आणि खरं सांगायचं तर निम्मी नवरा-नवरीला बघायला आली नव्हती. टोपी-टॉवेल देऊन पाहुण्यांचे मान झाले. माइकवाल्यानं आवाज चढवला, “आता होत आहे व्याहीभेट!” आप्पा नवा धोतरजोडा नेसून पुढे आले, मान खाली केली. सगळं कार्यालय पुढे झुकलं. रमणशेठनी ताटातला हार उचलून त्यांच्या गळ्यात घातला. टपोरी लाल फुलं, सोनेरी किनार, मोठा झोकदार हार.

आप्पांनी एका फुलाला हात लावला. गर्दीतून ‘अरेरे’ असा आवाज आला. त्यांनी पाकळी बोटांत धरली, चोळली, आणि सोडून दिली. मग हळूच हार काढला, ताटात ठेवला आणि जिना उतरून निघून गेले. गर्दीत हशा पिकला. हार कापडी होता.

मी त्यांच्या मागे धावलो. ते मागच्या अंगाला आचाऱ्याजवळ एका उपड्या पातेल्यावर बसले होते. शेजारी बट्ट्यांवर तूप सोडणं चाललं होतं, चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती.

“आप्पा, चला. मुहूर्त जवळ आला.”

“मी शब्द दिन्हा व्हता ना, मास्तर?”

“हो.”

“खरा हार ऱ्हाता आनि मी खादा नसता, ते मन्हा शब्द दिसता. आते काय दिसनं? कापडना हार ते बैलबी खात नही.”

मला हसू आलं, पण क्षणभरच. महिनाभर या माणसानं कशासाठी जीव काढला होता, ते त्या व्याह्याला कळायची संधीच कुणी ठेवली नव्हती. वर माइकवरून भटजी पुकारत होते, “मुलीच्या वडिलांनी स्टेजवर यावे.” पुन्हा, “मुलीच्या वडिलांनी...” आप्पा जागचे हलेनात. काकू आल्या, रडल्या, रागावल्या. आप्पा भाजीच्या पातेल्याकडे बघत बसले. रमणशेठही आले, पण दाराशीच थांबले. बापाशिवाय कन्यादान कोण करणार? सुरतचे पाहुणे घड्याळं बघू लागले होते.

मग स्वतः कल्याणीच खाली आली. शालू सावरत, मुंडावळ्या बांधलेली, हातात नवऱ्याला घालायचा गुलाबाचा हार. सगळे बाजूला झाले. ती आप्पांसमोर उभी राहिली, हारातलं एक फूल तोडलं, दोन पाकळ्यांची पांढरी बुडं नखानं काढली आणि त्या तोंडात टाकल्या. शांतपणे चावल्या.

“पानी मारेल गुलाब शे,” ती म्हणाली. “वास नही. मांगून तुरट.” मग बापाच्या डोळ्यांत रोखून म्हणाली, “शब्द तुमी दिन्हा व्हता आप्पा, मी नही. आते आपली दोन्हीसनी इज्जत गयी. चला.”

आप्पा तोंड उघडं टाकून बघत राहिले. पण त्यांच्या आधी रमणशेठच ओरडले, “थूक, पोरी, थूक! पानी आना रे!”

ते दारातून धावत आले. आचाऱ्यानं तांब्या दिला, कल्याणीनं चुळा भरल्या.

“आप्पा, त्या हारवालाना फुलेसवर कोनतं औषध मारतस, माले ठाऊक शे,” ते म्हणाले. “मन्हाच दुकानमाईन जास. तुमी सवयमा एक फूल जरी खादं असतं आनि तुमले काही व्हतं, ते मी हाई पोरले काय तोंड दखाडतू?” ते थांबले. “तुमना शब्दवर भरोसा व्हता. हारवर नही व्हता.”

आचारी झारा धरून उभा, भाजी खाली लागायला आलेली.

“मंग पयलेच सांगानं ना, शेठ,” आप्पा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. “म्हंजे मी आतेपावेत जगनू कसा?”

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सरला. नवऱ्याच्या गळ्यातल्या हाराला उजव्या बाजूला एक खिंडार होतं, ते सगळ्या फोटोंत आलं आहे. पाठवणीच्या वेळी आप्पा लहान मुलासारखे रडले. त्या दिवसानंतर विकतच्या हाराला त्यांनी तोंड लावलं नाही. सत्कारात हार घालून ते बिचारे बाकीच्यांसारखेच बसू लागले आणि गावाचे कार्यक्रम एकदम कंटाळवाणे झाले.

पुढे माझी बदली धुळ्याकडे झाली. आप्पांना शेवटचं पाहिलं ते शहाद्याच्या बसस्टँडवर. दुपारची वेळ, रणरणतं ऊन. ब्राह्मणपुरीच्या गाडीची गर्दी उभी होती आणि त्या गर्दीत गळ्यात झेंडूचा हार घातलेला एक म्हातारा. एसटीच्या रांगेत हार घालून उभा राहणारा माणूस दुसरा कोण असणार?

“नातूनं जावय व्हतं, मास्तर! पयला केस काढात,” मला बघताच ते म्हणाले. “शेठनी मान करा. खरा हार शे, देखा. फुले शेठनी सोता लावात, घरना गच्चीवर. कुंडीसमा. औषधना एक थेंब नही.” त्यांनी एक फूल माझ्या डोळ्यांपुढे धरलं. पाकळ्यांना भोकं पडलेली होती. “अळ्यासनी खादेल शे. देखं? औषधना दुकानवालानी अळ्या पाळ्यात मन्हासाठे!”

मी हार नीट पाहिला. उन्हानं माना टाकल्या होत्या, पण अळ्यांनी खाल्लेलं सोडलं तर हार पूर्ण होता. एक फूलही तुटलेलं नव्हतं.

“मग आप्पा, खाल्ला कसा नाही?” मी विचारलं. “आता तर कुणाची मनाई नाही.”

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू भूगोलाच्या मास्तरला उत्तर दिशा विचारावी लागली.

“खाई टाका ते गावले काय दखाडू?” ते म्हणाले.

गाडी लागली. गर्दी दाराकडे लोटली, आणि आप्पा दोन्ही हात छातीपुढे धरून, हाराला धक्का लागू न देता, आडवे होत होत आत शिरले. खिडकीची जागा मिळाली तेव्हा त्यांनी आधी काच ओढून घेतली, वाऱ्यानं पाकळ्या झडू नयेत म्हणून. शेजारचा माणूस उकाड्यानं कुरकुरला. आप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी खाली उभा होतो. गाडी सुरू झाली तशी त्यांनी काच बोटभर उघडली.

“मास्तर, खरं सांगा. सुकाई ग्या का?”

हार पार सुकला होता.

“नाही आप्पा,” मी म्हणालो. “आत्ताच तोडल्यासारखा आहे.”

त्यांनी समाधानानं काच लावून घेतली.